आठव्या मिनिटाची बखर

श्री. वाचणारांस दंडवत, ऐकणारांस दंडवत, आणि अर्ध्यातून उठून चहास जाणारांसही दंडवत. आपण पुसिले की, तालीम संस्थानचे जुने यंत्रावर कुस्तीचे चलच्चित्र अडखळत होते ते कोणी सुरळीत केले, कैसे केले, आणि सुरळीत जाहल्यावर त्यात काय दिसले, हा मजकूर साद्यंत लिहून पाठविणे. त्यावरून जैसे डोळ्यांनी पाहिले आणि जैसे कानी आले तैसे लिहिले असे. लिहिणार त्या दरबारी रोज बसत होता आणि चहाही घेत होता. म्हणोन कोणाची भीड धरिली ऐसे नाही. प्रसंग घडला तो शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मासी.

राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. विस्तार मात्र सांगतो. पूर्वेस आखाडा, पश्चिमेस पाण्याची टाकी, उत्तरेस मारुतीचे देऊळ, आणि मध्ये साडेतीन खोल्यांचे घर. त्यात राजे हिंदुराव आप्पा आणि राणीसाहेब कमळजाबाई राज्य करीत. राजे पूर्ववयात शाळेत कवायत शिकवीत, मग निवृत्त होऊन तालमीचे गादीवर बसले, आणि शाळेत होते तेव्हापासूनच पंचक्रोशीत कुस्तीचे पंच म्हणोन त्यांची ख्याती होती. चाळीस वर्षे पंचाई केली आणि निवाडा एकही फिरला नाही. आपले तालमीचा गडी पडला तरी पडला म्हणत, आणि एके साली खासे घरचे जावई आखाड्यात उतरले आणि पडले, तेव्हाही भर जत्रेत 'पडले' ऐसेच बोलिले. सबब जावई त्या सालापासून दिवाळीस येत नाहीत. यंत्राचा मजकूर ऐसा की, शके एकोणीसशे तीसचे चैत्रात शाळेने निरोपाचे वेळी राजांस एक संगणक दिला, एक पेटी आणि एक मॉनिटर, आणि राजांनी त्यास शस्त्र मानिले. खंडेनवमीस गदा, लाठ्या, लेझीम, विळी यांची पूजा होते, त्यांचे पंक्तीस यंत्र बसविले. पेटीवर हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकिल्या, झेंडूची माळ घातली, नाडा बांधिला, आणि वर सत्कारात आलेली शाल पांघरली. राजांचे सत्कार बहुत होत, आणि शाली बहुत येत. राणीसाहेब म्हणत, "एवढ्या शालींचं करायचं काय, दारं-खिडक्यांना पडदे लावू?" तेव्हा ही सोय बरी जाहली. जुनी शाल विरली की काढीत, तरी तीन सदैव पेटीवर असत. ऐशा सतरा खंडेनवम्या जाहल्या. यंत्र जैसे मंद होऊ लागले तैसी राजांची भक्ती वाढली. पूर्वी चिमटीने कुंकू वाहत, ते पुढे मुठीने वाहू लागले. आणि पूजेत बसलेल्या शस्त्राचा नाडा सोडू नये, त्याचे अंग उघडू नये, हा राजांचा नेम. सबब सतरा वर्षांत पेटीचे झाकण कोणी काढिले नाही.

माघ शुद्ध पंचमीस जत्रेचा आखाडा भरला. त्यात मोठी कुस्ती एक: आपले तालमीचा विलास कारंडे आणि नदीपलीकडचे गावचा रोहिदास मगदूम. जो जिंकेल त्याचे नाव पौर्णिमेस राज्यस्पर्धेचे यादीत जाणार, ऐसा ठराव होता. विलास हा कारभारी दौलू कारंडे यांचा सख्खा पुतण्या. कारभारी म्हणजे तालमीचे सेक्रेटरी. हार, नारळ, शाल, माइक आणि पाहुणे यांचा बंदोबस्त त्यांजकडे. माणूस कामाचा, परंतु माइक एकदा हाती आला की सोडीत नसे. पंच खासे राजे. हलगी वाजली, सलामी जाहली, आणि आठवे मिनिटास विलासाने ढाक मारिली, म्हणजे कमरेवरून उलथून टाकण्याचा डाव केला, आणि रोहिदास हवेत गेला, आणि लोक ओरडले, आणि शिट्टी जाहली, आणि राजांनी विलासाचा हात वर केला. चितपट, म्हणजे दोन्ही खांदे मातीस लागले, ऐसा निवाडा. लिहिणार ते समयी भेळ घेत होता आणि पाठ आखाड्याकडे होती. तरी सर्वांबरोबर 'चितपट, चितपट' ऐसे ओरडला. हे आत्ताच कबूल केलेले बरे.

पुढे दशमीस सकाळी रोहिदास सायकलीवर बसोन दरबारी आला. वय तेवीस, कानाच्या पाकळ्या मोडलेल्या, बोलणे हळू. पायताण बाहेर काढून, राजांचे पायास हात लावून उभा राहिला आणि बोलिला, "आप्पा, मी हरलो आसंन तर हरलो. त्येचं काय न्हाई. पर मी पडलो न्हवतो. डावा खांदा टेकला न्हवता माझा. तुम्ही येकदा शूटिंग बघा. बघून म्हणाला पडलास, तर मी खाली मान घालून जातो." राजे बोलिले, "चाळीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नाही." रोहिदास बोलिला, "म्हणून तर तुमास्नीच इचारतोय. दुसऱ्याला काय इचारायचं?" हे ऐकोन राजांचे तोंड उतरले. लोकांस वाटले, राग आला; परंतु राग नव्हता, भय होते, आणि ते एकट्या राणीसाहेबांनी ओळखिले. मग कारभारी बोलिले, "आप्पा, निवाडा झालाय, हार पडल्यात, गुलाल उधळलाय. कशाला उकरून काढताय?" राजे बोलिले, "पौर्णिमेला यादी जायची आहे. त्याआधी मी बघणार." रोहिदासाने आपला मोबाईल पुढे केला की, ह्यात चित्र आहे. तो राजांनी हातानेच मागे सारिला आणि बोलिले, "पक्षकाराच्या खिशातला पुरावा पंचानं बघायचा नसतो. आणि मुंगीएवढा पैलवान बघून निवाडा होत नाही." तालमीचे दप्तरी शूटिंगवाल्याने दिलेला पेनड्राइव्ह होता, तो काढविला. बाजारात कोठे मोठ्या पडद्यावर पाहावे, ऐसे एकजण बोलिला. राजांस ते चव्हाट्यावर पाहणे मानवले नाही. ठरले ते ऐसे की, आपले घरी, आपले यंत्रावर, सलामीपासून शेवटपर्यंत पाहावे. कारण मधूनच कुस्ती पाहणे हे राजांचे शिस्तीत बसत नसे. आणि यंत्र साक्ष देणार, तर साक्षीदाराचा मान राखावा म्हणोन, याच जत्रेत मिळालेली मोरपंखी रंगाची जरीकाठी शाल राजांनी आपले हातांनी जुन्या तीन शालींवर चौथी पांघरली.

मग यंत्र सुरू केले. ते जागे होईतो एक चहा होऊन गेला. चित्र लागले, सलामी दिसली, आणि चार मिनिटे सर्व यथास्थित चालिले, आणि पुढे यंत्र अडखळू लागले. पैलवान दोन पावले चालत, थबकत, आणि एकदम आखाड्याचे दुसरे टोकास उगवत. हलगीचा आवाज सरळ, माणसे मात्र तुटक. आठवे मिनिटास रोहिदास हवेत गेला आणि तेथेच राहिला, आणि लोकांचे ओरडणे चालूच, आणि मग एकदम विलास लोकांचे खांद्यावर. मधले काहीच नाही. कारभारी हर्षाने बोलिले, "हवेत हाय म्हंजी खाली येणारच की, आप्पा! झालं न्हवं समाधान? मिटवा आता." राजे बोलिले, "खाली येणार हे मलाही कळतं, दौलू. कसा आला ते बघायचंय." आणि रोहिदासास म्हणाले, "तू घरी जा. बघितल्याशिवाय यादी जाणार नाही." रोहिदास गेला, आणि राजे त्या दिवशी दोन घास कमी जेविले.

एकादशीस यंत्रवैद्य शबाना मुल्लाणी हीस पाचारण जाहले. बाजारात तिचे संगणक-दुरुस्तीचे दुकान. लहानपणी राजांचे हाताखाली कवायत केलेली, सबब राजांपुढे अद्यापि पाय जुळवून उभी राही. तिने यंत्र पाहिले, चित्र पाहिले, आणि बोलिली, "सर, व्हिडिओ अडकायला बरीच कारणं असतात. एकेक काढत जाऊ." आणि पहिले कारण तिने पेनड्राइव्ह धरिले, तो जुना आणि सुस्त, त्यातून चित्र यंत्रास वेळेवर पोहोचत नसावे, म्हणोन चित्राची नक्कल यंत्राचे पोटात उतरविली. पाहिले तो साडेचार मिनिटे चालिले. मग तिने विचारिले, "मागं काय काय उघडंय?" आणि पाहिले तो नऊ खिडक्या उघड्या: एकीत पंचांग, एकीत हवामान, एकीत मारुतीचे स्तोत्र बंद आवाजात अखंड चालू, आणि सहांत कारभाऱ्यांचे जत्रेचे पत्रिकेचे सहा नमुने, एकही न संपलेला. सर्व मिटविल्या. कारभारी हळहळले. मग पाहिले तो अँटिव्हायरस नामे पहारेकरी यंत्राचे कानाकोपऱ्यांत झडती घेत फिरत होता, आणि ऐसे पहारेकरी दोन होते, कोणी कधी ठेविले हे कोणास ठाऊक नाही, आणि एक दुसऱ्याचीच झडती घेई. एकास निरोप दिला, दुसऱ्यास कुस्ती संपेतो स्वस्थ बसविले. पाहिले तो पाच मिनिटे चालिले. राणीसाहेबांनी सर्वांस साबुदाण्याची खिचडी वाढिली, शबानास उपास नसताही तीच वाढिली आणि दही अधिक घातले, आणि दिवस मावळला.

द्वादशीस पुन्हा मोहीम सुरू जाहली. यंत्राचे कोठार काठोकाठ भरले होते, हलायला जागा नाही. बारा जत्रांचे फोटो, आणि कारभाऱ्यांनी साठविलेली चार हजार सुप्रभाताची चित्रे, त्यांत गुलाबाची निम्मी. ही काढितां कारभारी बोलिले, "त्यात माझ्या साहेबांचं शुभेच्छांचं चित्र हाय, जपून!" शबाना बोलिली, "काका, तेच चित्र एकशे चाळीस वेळा हाय." मग चित्र दाखविणारा प्लेयर जुना होता तो बदलून हलका आणिला, आणि पडद्याचे चित्र रंगविणारा जो ड्रायव्हर, तोही नवा घातला, आणि यंत्र तीन वेळा निजवून तीन वेळा उठविले. दर उपायास अर्धे मिनिट वाढे, आणि अर्ध्या मिनिटाने आठवे मिनिट गाठायचे म्हणजे पौर्णिमा उलटेल ऐसा हिशेब दिसू लागला. एकदा तिने न सांगता थेट आठवे मिनिट लावून पाहिले, राजे आत पाणी प्यावयास गेले होते तेव्हा. तोही प्रयत्न वाया गेला, यंत्र तेथेही अडखळले. अखेरीस चित्राचा आकार निम्मा करून नवी नक्कल करावी ऐसे ठरले, आणि ती करितां करितां यंत्र मध्येच बंद पडले. शबाना कपाळाचा घाम पुसून बोलिली, "सर, आतून बघायला पाहिजे. झाकण काढू द्या." राजे बोलिले, "पूजेतलं शस्त्र आहे ते. सतरा वर्षांत नाडा सुटलेला नाही." ती बोलिली, "बरं सर." आणि पाय जुळवून उभी राहिली. कारभाऱ्यांनी संधी साधिली आणि बोलिले, "यंत्राच्याच मनात न्हाई, आप्पा. आपुन काय करणार?" त्या दिवशी लिहिणारासही वाटले की, न दिसले तरी काय बिघडते, निवाडा आहे तैसा राहील, राजांचे नाव राहील, विलास जाईल, आणि चहा वेळेवर मिळेल. ऐसे मनात आले हे खरे.

त्रयोदशीस सकाळी राणीसाहेब दिवाणखान्यात येऊन उभ्या राहिल्या. या मसलतीत त्यांनी तोवर शब्द काढिला नव्हता. हाती पदराने धरलेली भागी नामे मांजरी, वय पंधरा. बोलिल्या, "शबाना, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण ही भागी बघ. माघाची थंडी आहे, पहाटेपासून माझ्या शेगडीपाशी असते. तुम्ही यंत्र चालू करता. चहा होईस्तोवर ही हलत नाही. आणि मग शेगडी सोडून जाते ती यंत्रावर. तीन दिवस बघतेय. माझ्या पेटत्या शेगडीपेक्षा त्याला ऊब जास्त आहे का गं?" शबानाने मांजरीकडे पाहिले, पेटीकडे पाहिले. मग चारी शालींखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "या अल्ला! सर, हे तापलंय. तापलं की प्रोसेसर, म्हणजे याचा मेंदू, स्वतःचा जीव वाचवायला मुद्दाम हळू चालतो, आणि मग त्याला सगळी चित्रं दाखवायला जमत नाही, मधली गाळतो. म्हणून गार असताना चार मिनिटं बरं जातं. आणि आम्ही तीन दिवस त्याला राबवून राबवून आणखी तापवतोय." राजे बोलिले, "पण ते थंडीचं म्हणून तर पांघरलंय." मग झाकणाचा प्रश्न पुन्हा निघाला आणि राजे पुन्हा नेमावर आले. तेव्हा राणीसाहेब बोलिल्या, "पूजेनंतर गदा पुसता ना तुम्ही? लाठ्यांना तेल लावता. माझी विळी तर दुसऱ्या दिवशी कांद्यात. मग या बिचाऱ्यानंच काय घोडं मारलंय?" राजे विचारात पडले. मग उठले, देवापुढे हात जोडिले, आणि सतरा वर्षांचा नाडा आपले हातांनी सोडिला.

झाकण निघाले तो आतील पंखा दिसेना. पात्यांवर हळदकुंकू आणि धूळ यांचा गिलावा बसला होता, आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या, आणि तळास अक्षता, आणि एक सुपारी, आणि दोन साखरफुटाणे, कोणत्या सालचे ते कळत नाही. पंखा फिरत नव्हता, नुसता थरथरत होता. सतरा वर्षे आम्ही सर्वांनी मिळून त्याचे नाकात कुंकू कोंबिले, आणि तो धापा टाकू लागला तेव्हा अधिक कोंबिले. राजांस फार वाईट वाटले. ते उठले आणि माळ्यावरून शाळेचे दिवसांतील फुटबॉल फुगवायचा पंप काढून आणिला आणि बोलिले, "मी हवा मारतो. तू ब्रश लाव." पंचाहत्तर वर्षांचे राजे पंप मारीत, आणि शबाना ब्रशाने खरवडी, आणि गुलाबी धुळीचे लोट उठत, आणि कारभाऱ्यांचा पांढरा सदरा पुन्हा जत्रेतून आल्यासारखा जाहला. मग तिने प्रोसेसरावर उष्णता वाहून नेणारा लेप होता तो वाळून खपली जाहला होता, तो काढून नवा लाविला, आणि पंखा बोटाने फिरविला तो सुरकन फिरला. शाली चारही खाटेवर ठेविल्या. झाकण लाविले. वर काही घातले नाही.

मग चित्र लाविले, राजांचे शिस्तीप्रमाणे सलामीपासून. चार मिनिटे गेली, पाच गेली, सहा गेली, सात गेली. पंखा मंद घुमत होता आणि पैलवान माणसांसारखे चालत होते. आठवे मिनिट आले. शूटिंगवाला पलीकडचे अंगास उभा होता, सबब कुस्ती दिसे आणि कुस्तीमागे पंच उभे तेही दिसत. विलासाने ढाक मारिली आणि रोहिदास हवेत गेला, आणि या वेळी खाली आला. कुशीवर आला. उजवा खांदा मातीत, आणि डाव्या कोपराने त्याने अंग तोलून धरिले, आणि डावा खांदा वर, चांगला वीतभर वर. आणि त्याच समयी मागून कारभारी दौलू कारंडे, एका हाती माइक, दुसऱ्या हाती मोरपंखी शाल, बाजूस एक घाईतले पाहुणे. आणि त्यांनी ती शाल राजांचे खांद्यांवर टाकिली, तिचा काठ घसरून फेट्यावरून डोळ्यांवर आला, आणि राजांनी दोन्ही हात जोडिले आणि पाहुण्यांचा नमस्कार घ्यावयास मान मागे वळविली. लोक ओरडले. मग राजांनी डोळ्यांवरचा काठ सारिला, वळले, शिट्टी तोंडास लाविली आणि वाजविली. त्या वेळी रोहिदास अजून कोपरावर होता आणि पंचांकडे पाहत होता.

राजे बोलिले, "पुन्हा लाव." पुन्हा लाविले. तिसऱ्यांदा लाविले. तीनही वेळा मान वळली. मग कारभारी बोलिले, आणि आवाज माइकाचा नव्हता, "आप्पा, पाव्हण्यास्नी जायची घाई हुती. म्हटलं कुस्ती चालू हाय तवर सत्कार उरकून घ्यावा." राजे बोलिले, "शाल तू घातलीस, दौलू. मान मी वळवली. तुझी चूक लहान आहे." मग खाटेवरचे शालीकडे पाहिले आणि बोलिले, "पण मला आठवत होतं. दोन्ही खांदे टेकलेले, अगदी डोळ्यांसमोर. शपथेवर सांगितलं असतं मी. मग मी बघितलं काय?" राणीसाहेब बोलिल्या, "लोक ओरडले, ते तुम्ही बघितलंत." लिहिणाराने मान खाली घातली. राजांनी पेटीवर हात ठेविला. ती गार होती. बोलिले, "याला मधलं दिसलं नाही, तर हे थांबलं तरी. मी शिट्टी मारली."

चतुर्दशीस राजांची स्वारी कारभाऱ्यांचे स्कूटरवर मागे बसोन नदीपलीकडे गेली. रोहिदास म्हशीस वैरण घालीत होता. राजे गोठ्याचे दारातच उभे राहिले, फेटा काढून हाती घेतला आणि बोलिले, "पोरा, तू पडला नव्हतास." रोहिदासाने हातचा भारा खाली ठेविला, आणि त्याचे डोळे भरले, आणि बोलिला, "मला ठाव हुतं, आप्पा. तुमास्नी ठाव न्हवतं, त्येचा तरास हुता." मग त्याने राजांस बसावयास पोते अंथरिले आणि आतून चहा मागविला. राजांनी सांगितले की, तू जिंकलास ऐसे मला म्हणता येत नाही, कारण कुस्ती मध्येच मी तोडली. परंतु कुस्ती उद्या पुन्हा होईल, पंच तिसऱ्या गावचा असेल, मी नसेन. कारभाऱ्यांनी विलासास फोन केला. विलास बोलिला, "खेळतो."

पौर्णिमेस सकाळी आखाडा पुन्हा भरला. राजे मातीत उतरले, आणि कारभाऱ्यांनी माइक आपण होऊन त्यांचे हाती दिला, हे प्रथमच घडले. राजांनी सर्व सांगितले, शालीसकट, मानेसकट, काही गाळिले नाही. लोक कुजबुजले, दोघे-तिघे हसलेही. मग राजे बाहेर येऊन राणीसाहेबांशेजारी सतरंजीवर बसले. सत्कार कोणाचा जाहला नाही. हलगी वाजली, सलामी जाहली, आणि कुस्ती बहुत वेळ चालिली, आणि कधी हा वर, कधी तो वर, आणि लिहिणाराने त्या दिवशी भेळ घेतली नाही. चौदावे मिनिटास विलासाने पुन्हा ढाक मारिली. रोहिदास हवेत गेला आणि खाली आला, आणि या खेपेस पाठीवर आला, आणि दोन्ही खांदे मातीस लागले, आणि पंचाने वाकून पाहून मग शिट्टी दिली. रोहिदास उताणाच पडून होता. त्याने पंचाकडे पाहिले नाही, विलासाकडे पाहिले नाही, मान फिरवून सतरंजीकडे पाहिले आणि हासून ओरडला, "आप्पा, आता पडलो! बघितलंसा न्हवं?" राजे उठोन उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते पुसावयास हात वर गेला नाही, कारण दोन्ही हातांनी टाळ्या वाजवीत होते. बोलिले, "बघितलं पोरा. नीट बघितलं." दुपारी यादी रवाना जाहली, नाव विलासाचे.

एवंच, यंत्र चार दिवसांत सुरळीत जाहले. निघाले ते ऐसे: हळदकुंकू एक वाटी, अक्षता पाऊण वाटी, सुपारी एक, साखरफुटाणे दोन. राजांनी पंचाई सोडिली. पुढील खंडेनवमीस यंत्रास एक फूल समोर ठेविले, वर काही घातले नाही. यंत्र थंड जाहल्याने भागीची जागा गेली, सबब मोरपंखी शाल तीस दिली. चाळीस वर्षांत एक निवाडा फिरला. बाकीच्या कुस्त्यांचे चित्र कोणाजवळ नाही, ही गोष्ट राजांस दुपारी झोपू देत नसे. अखेर त्यांनी जावयांस पत्र लिहिले, ते एकाच ओळीचे: त्या साली आपण खरेच पडला होता काय? जावयांचे उत्तर आठ दिवसांनी आले: पडलो होतो, परंतु आजवर कोणी विचारिले नव्हते. ते त्या दिवाळीस आले. येथे लेखणी खाली ठेविली.